हात ब

दिगंबरराव खैरनारांनी आयुष्यात एकाही ब्रेडबोर्डाला दहापैकी आठ गुण दिले नव्हते. ‘सर्किट कट्टा’ या त्रैमासिकात एकोणीस वर्षं ते ‘कसोटी’ हे सदर चालवत होते. एकसष्ट बोर्ड त्यांच्या टेबलावरून गेले आणि त्यातल्या सर्वांत भाग्यवानाच्या पदरात सात पडले. घरी बसून छोटे संगणक जोडणाऱ्या महाराष्ट्रभरच्या हौशी मंडळींत ‘खैरनारांचे सात’ हा बोलण्यातला शब्दच होऊन गेला होता. तो कानावर आला की दिगंबररावांना फार बरं वाटे, आणि ते बरं वाटणं ते चेहऱ्यावर दिसू देत नसत.

ब्रेडबोर्ड म्हणजे बारीक भोकांची प्लास्टिकची पाटी. चिपचे पाय आणि तारांची टोकं त्या भोकांत खोचायची. आतल्या धातूच्या पट्ट्या त्यांना एकमेकांशी जोडतात. सोल्डरिंग नको, काही नको. सर्किट चाललं तर ठीक, नाहीतर उपसायचं आणि पुन्हा मांडायचं. अशा पाटीची कसली आलीय परीक्षा, असं नाशिकमधले शेजारी विचारत. दिगंबरराव तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काढून निवृत्त झालेले, त्यामुळे उत्तराला पाऊण तास लागे. दुसऱ्यांदा कुणी विचारत नसे.

२०३४च्या फेब्रुवारीत त्यांच्याकडे ‘हस्तक’ आला.

बाहेरून पाहिलं तर तीच पाटी, तीच भोकं. पण प्रत्येक भोकाखाली दाब ओळखणारा एक पातळ पापुद्रा होता आणि पट्ट्यांच्या जागी हजारो सूक्ष्म स्विचांचं जाळं. कुठलंही भोक कुठल्याही भोकाला आतल्या आत जोडता येत होतं. तुम्ही चार तारा खोचल्या की बोर्ड अंदाज बांधायचा, हा माणूस घड्याळ करतोय की मोटार फिरवतोय, आणि पुढची तार जिथे जायला हवी त्या भोकाशी हिरवा ठिपका लावायचा. ठिपक्यावर बोट टेकवलं की तारेशिवाय जोडणी तयार.

एवढं दुसऱ्या कुणीही केलं असतं. हस्तकची खरी करामत पुढे होती. तार आत शिरताना हात किती जोर लावतो, कुठल्या कोनातून येतो, कुठे अडखळतो, कुठली जोडणी आधी करतो आणि कुठली शेवटी, हे सगळं तो टिपून ठेवायचा. काही तासांच्या कामातून त्या माणसाचा ‘हात’ त्याच्या स्मृतीत तयार व्हायचा. तो हात दुसऱ्या बोर्डात भरला की नवशिक्याच्या शेजारी जाणतं माणूस बसल्यासारखं होई.

“आम्ही आधी हजार लोकांच्या हातांची सरासरी काढून पाहिली, सर,” हस्तक बनवणाऱ्या कंपनीच्या मुख्य अभियंता मृण्मयी ठोसर फोनवर सांगत होत्या. “पण एक जण तार चिपवरून नेतो, दुसरा वळसा घालून नेतो. सरासरी काढली की तार मधल्यामध्येच अडकते. एकच हात हवा, एका सवयीचा. म्हणून सहा परीक्षकांना बोर्ड पाठवलेत. ज्यांचा हात सर्वांत चांगला, तो शाळांसाठीच्या चाळीस हजार बोर्डांत जाईल. खोक्यावर त्यांचं नाव छापू.”

दिगंबररावांनी ते खोकं डोळ्यांपुढे आणून पाहिलं. निळं, मध्यम आकाराचं, वर पांढऱ्या अक्षरांत ‘हात: दिगंबर खैरनार’. मग त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, “बाकीचे पाच कोण आहेत?”

पाचांत अरविंद जोर्वेकर होता.

हा जोर्वेकर दोन गल्ल्या सोडून राहायचा. तोही बोर्डांची परीक्षणं करायचा, पण व्हिडिओवर, रंगीत शर्ट घालून, आणि साडेआठ-नऊ गुण प्रसादासारखे वाटायचा. त्याला चार लाख लोक बघायचे. ‘सर्किट कट्टा’चे वर्गणीदार होते अकराशे. जोर्वेकरला आपल्या निम्मंही येत नाही, याबद्दल दिगंबररावांची खात्री होती. लोकांची नव्हती, आणि तिथेच त्यांच्या पोटात दुखायचं.

दिगंबररावांची एक रीत होती. बोर्ड कितीही नवलाचा असो, त्यावर ते नेहमी एकच सर्किट मांडायचे: आठ दिव्यांचा मोजणारा. दोन चिपा, बावीस तारा, आठ दिवे. शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंत मोजायचं, की पुन्हा शून्य. तासभर तो चालू ठेवायचा आणि मोजणी मध्येच किती वेळा कोलमडून शून्यावर येते ते वहीत टिपायचं. चांगल्यातला चांगला बोर्डही तासाला पाच-सहा वेळा कोलमडायचा. त्याला दिगंबरराव ‘पट्ट्यांतला गोंगाट’ म्हणत आणि तेवढे गुण कापत. हस्तकही सहा वेळा कोलमडला. ‘एवढी हुशारी, पण पाया कच्चाच. सात,’ त्यांनी लिहिलं आणि समाधानानं पेनाचं टोपण लावलं.

दुसऱ्या आठवड्यात बोर्डानं आगाऊपणा सुरू केला. बाविसावी तार लावून झाली, की चिपच्या तीन पायांशी हिरवे ठिपके लागत. त्या पायांचं या सर्किटात काहीच काम नव्हतं, म्हणून ते मोकळे सोडलेले होते. दिगंबररावांनी ठिपके झटकले, ते पुन्हा आले. पहिल्या आठवड्यात ही कटकट नव्हती. त्यांनी तणतणत मृण्मयीबाईंना फोन लावला.

“थांबा हं सर, तुमच्या बोर्डाच्या नोंदी बघते,” त्या म्हणाल्या, आणि थोड्या वेळानं हसल्या. “हे ठिपके त्याला दुसऱ्या हातानं शिकवलेत. तुमच्या बोर्डावर दोन हात दिसतायत ना! हात अ सकाळी आणि संध्याकाळी. हात ब रोज अकरा ते साडेबारा. कोण आहेत हे? फार देखणं काम आहे. थरथर नाही, अडखळणं नाही. तरुण असावेत.”

“आमच्याकडे येऊन जाऊन असतात लोक,” दिगंबरराव कसंबसं म्हणाले.

रोज अकरा ते साडेबारा दिगंबरराव वाचनालयात असत. घरी असे फक्त हेमलता.

हेमलता त्यांची बायको, वय सत्तावन्न. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत विजेचे मीटर बनवणाऱ्या एका कारखान्यात बावीस वर्षं नोकरी करून, लाइनवर यंत्रं आल्यावर घरी बसलेली. तिच्याकडे कुणी तरुण, न थरथरणारा माणूस रोज दीड तास येतो, हा विचार दिगंबररावांनी हसण्यावारी नेऊन पाहिला. हसू आलं नाही. मग त्यांना आठवलं, की परवाच जोर्वेकर दारातून ओरडला होता, “वहिनी, तुमच्या हातची भगर खायला एकदा येणार!” जोर्वेकर तरुण नव्हता, पण केस रंगवायचा. आणि स्वतःचा बोर्ड असताना दुसऱ्याच्या बोर्डात ढवळाढवळ करणं हे त्याच्या स्वभावाला धरूनच होतं. मोरीत दोन कप विसळायचे पडलेले दिसले तेव्हा दिगंबरराव वाकून ते बघतच राहिले. त्यातला एक त्यांचा स्वतःचाच होता, हे ध्यानात यायला बराच वेळ गेला.

“आज कोणी आलं होतं का गं?” त्यांनी जेवताना विचारलं.

“कोण येणार? दुधाची गाडी येऊन पिशवी टाकून गेली,” हेमलता म्हणाली. आता दुधाच्या गाडीवरही माणूस नसायचा. “सकाळपासून काय शोधू राहिले तुम्ही? मोरीत काय बघत होते?”

“काही नाही. पेन.”

दुसऱ्या दिवशी ते पिशवी घेऊन निघाले, कोपऱ्यावरच्या रसवंतीत वीस मिनिटं बसले, आणि सव्वा अकराला मागच्या अंगानं घरी आले. खोलीच्या खिडकीतून त्यांनी आत पाहिलं. जोर्वेकर नव्हता. टेबलाशी हेमलता बसली होती, पाठ ताठ, कोपर टेबलाला टेकलेलं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. डाव्या हातात तारांचा जुडगा, उजव्या हातात चिमटा. ती तारांकडे बघतही नव्हती. एक तार जात होती तोवर दुसरी बोटांत वळून तयार होत होती. तोंडानं कसलीशी आरती अर्धवट चालली होती.

दिगंबररावांचा जीव भांड्यात पडला. तो तिथे फार तर अर्धा मिनिट राहिला.

कारण ते पाहत राहिले. एवढ्या वर्षांत त्यांनी पुष्कळ हात पाहिले होते. विद्यार्थ्यांचे, प्राध्यापकांचे, स्वतःचा. असा हात त्यांनी पाहिला नव्हता. जोर्वेकर असता तर भांडता आलं असतं, चार लोकांना सांगता आलं असतं. आता कुणाला काय सांगणार? माझ्या बायकोला माझ्यापेक्षा चांगलं येतं म्हणून? हेव्यानं त्यांच्या कानशिलाला ऊन लागल्यासारखं झालं.

ते आत आले तशी हेमलता दचकून उठली. “तुम्ही एवढ्यात? बोर्डाला काही केलं नाही हां मी. रोज माझ्या तारा काढून ठेवते.”

“काय मांडतेस?”

“तुमचंच ते मोजणारं. अंकात आकृती छापली होती ना.”

“किती वेळा पडलं?”

“पडलं म्हणजे?”

“मोजता मोजता शून्यावर किती वेळा आलं, तासाला?”

हेमलतानं त्यांच्याकडे आणि मग दिव्यांकडे पाहिलं. “नाही पडत. रोज लावून ठेवते तासभर, तोवर भाजी चिरून होते.” मग काळजीनं म्हणाली, “पडायला पाहिजे का?”

दिगंबरराव बोर्डावर वाकले. तेच सर्किट, त्याच चिपा. फक्त ते तीन रिकामे पाय तिनं बारीक लाल तारांनी विजेच्या ‘अधिक’ पट्टीला बांधून टाकले होते, आणि तेही सगळ्यांत आधी.

“हे कशाला जोडलंस? यांचं काही काम नाही इथे.”

“काम नाही म्हणूनच. मोकळा पाय ठेवायचा नाही. लाइनवर पहिला नियम होता तो.”

समजायला त्यांना एक क्षण पुरला. ते शिकले तेव्हाच्या जुन्या चिपा मोठ्या सोशिक होत्या. त्यांचा पाय मोकळा सोडला तर तो आपोआप ‘एक’, म्हणजे अधिकची बाजू, धरून गप्प बसायचा. पुढे कमी विजेवर चालणाऱ्या नव्या चिपा आल्या. त्यांचा मोकळा पाय हवेतलं वाट्टेल ते पकडतो: पंखा, ट्यूब, खिशातला फोन. आणि त्या तिन्हींतला एक पाय मोजणी पुसून शून्य करण्याचा होता. दिगंबररावांनी चिपा बदलल्या होत्या, सवय बदलली नव्हती. ‘पट्ट्यांतला गोंगाट’ कुठल्याच पट्टीत नव्हता. एकसष्ट बोर्डांचे गुण त्यांनी स्वतःच्या चुकीसाठी कापले होते.

“तू कधी बोलली नाहीस,” ते म्हणाले.

“बोलले होते की. तुमचं पहिलं सदर आलं तेव्हा. तुम्ही म्हणाले, तुझं लाइनवरचं वेगळं, हे वेगळं.”

त्यांना ते आठवेना. हेमलता तारा गोळा करू लागली तेव्हा आपण निदान ‘छान केलंस’ म्हणावं असं त्यांच्या मनात आलं, आणि तोंडातून निघालं, “चिमटा जागेवर ठेवत जा.”

पुढचे काही दिवस दिगंबररावांनी धड जेवण घेतलं नाही. तिच्या हातांकडे बघणं त्यांना टाळता येईना. ती लसूण सोलायची, सुईत दोरा ओवायची, आणि प्रत्येक वेळी त्यांच्या मनात येई, हे सगळं इतकी वर्षं डोळ्यांसमोर होतं. लोकांपुढे ते सांगत आले होते, “आमची ही कारखान्यात तारा चिकटवायची.” सांगताना थोडं हसायचेही. आता त्या हसण्याची त्यांना शरम वाटत होती, पण खरं सांगायचं तर शरमेपेक्षा हेवाच जास्त होता.

अशात मृण्मयीबाईंचा फोन आला. “सर, निवड झाल्यातच जमा आहे. आम्हाला हात ब हवाय. नाव कुणाचं लावू?”

स्वयंपाकघरातून कुकरची शिट्टी झाली. दिगंबरराव म्हणाले, “माझंच.”

“म्हणजे?”

“दोन्ही माझेच. अ उजवा, ब डावा. डाव्यानं मी वेगळ्या पद्धतीनं काम करतो.”

“कमाल आहे सर!” बाई खरोखर खूश झाल्या. “मग एवढंच करा, डाव्या हातानं सलग तासभर काम करा आणि नोंद पाठवा. ओळख पटली की खोकी छापायला देतो.”

हेमलता बाजारात गेली की दिगंबरराव दार लावून डाव्या हातानं तारा खोचू लागले. पहिल्या दिवशी तीन तारा वाकल्या, दुसऱ्या दिवशी चिपचा पाय मोडला. हस्तकच्या कडेच्या छोट्या पडद्यावर ओळ उमटली: ‘नवीन हात आढळला: हात क. नवशिक्या.’ मग बोर्डानं त्यांना पावलोपावली हिरवे ठिपके दाखवायला सुरुवात केली, अगदी समजुतीनं. ते ठिपके कुणी शिकवलेले होते हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मनगट दुखेपर्यंत ते झगडले आणि हात क नवशिक्याच राहिला.

आठवड्यानं निरोप आला. ‘सर, हात ब ची ओळख पटू शकली नाही, त्यामुळे नाइलाजानं तो बाद करावा लागतोय. दुसऱ्या क्रमांकावर श्री. अरविंद जोर्वेकर आहेत. उद्या दुपारी त्यांचं नाव निश्चित करू.’

दिगंबररावांनी निरोप दोनदा वाचला. निळ्या खोक्यावर आता रंगवलेले केस दिसत होते. चाळीस हजार पोरं त्या माणसाच्या हाताखाली शिकणार, आणि तो आणखी चाळीस व्हिडिओ काढणार. एका हेव्यानं त्यांचं तोंड बंद केलं होतं. दुसरा त्याच्याहून दांडगा निघाला. त्यांनी फोन उचलला.

“मृण्मयीबाई, मी खोटं बोललो. हात ब माझा नाही. माझ्या बायकोचा आहे. हेमलता खैरनार.”

“आणि हात अ मोकळे पाय तसेच सोडतो,” बाई सावकाश म्हणाल्या. “आम्हाला वाटलं, सरांचा त्यामागे काही विचार असेल.”

“नव्हता. चुकत होतो.”

“बरं. त्यांची संमती लागेल. अर्ज पाठवते. उद्या दुपारपर्यंत भरून द्या.”

हेमलता ओट्याशी कणीक मळत होती. दिगंबररावांनी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं, डाव्या हातासकट. तिचे हात थांबले.

“डावा हात?” ती म्हणाली. “तुम्हाला डाव्या हातानं चहा ढवळता येत नाही.”

“हो.”

“आणि माझ्या हाताला स्वतःचं नाव लावत होते.”

“हो.”

तिनं पुन्हा कणीक मळायला घेतली, गरजेपेक्षा कितीतरी जोरानं. पाठमोरीच म्हणाली, “मग आज कसं सांगितलं? मला वाईट वाटेल म्हणून?”

खोटं बोलणं सोपं होतं, तरी ते म्हणाले, “जोर्वेकरचं नाव लागणार होतं म्हणून.”

हेमलता वळली. ती हसली, पण त्या हसण्यात दिगंबररावांसाठी काही नव्हतं. “म्हणजे माझ्यासाठी नाहीच. बरं झालं, एकदा तरी खरं बोलले.” तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि स्वतःच त्या हातांकडे क्षणभर बघितलं. “ज्या हातांना घरी पाठवलं ना त्यांनी, तेच हात आता पोरांना शिकवायला मागू राहिले लोक. द्यायचा मला हात. भरा अर्ज. तुमचं अक्षर चांगलं आहे.”

दिगंबरराव अर्ज उघडलेला पडदा पुढ्यात घेऊन बसले आणि लेखणी हातात घेतली. नाव लिहिलं, वय लिहिलं. “अनुभव?”

“बावीस वर्षं. दिवसाला अकराशे जोड. लिहा, अकराशे.”

त्यांनी लिहिलं. पुढची ओळ होती, ‘हे काम कोणाकडून शिकलात?’ दिगंबररावांची लेखणी तिथे टेकून राहिली. लग्न झालं त्या वर्षी त्यांनी तिला विद्युतप्रवाहाचे नियम समजावून सांगितले होते, कागदावर आकृत्या काढून, सलग चार रविवार. ती मान डोलावत ऐकत होती. त्यांनी प्रश्न मोठ्यानं वाचला आणि वर न बघता वाट पाहिली.

“मालन गांगुर्डे,” हेमलता लगेच म्हणाली. “लाइन नंबर चार.”

“ही कोण?”

“माझ्या शेजारी बसायची. पहिल्या दिवशी माझं मनगट हातात धरून तिनं तीनशे जोड लावून घेतले. संध्याकाळी म्हणाली, आता तुझं तू कर.”

“मला कधी कळलंच नाही.”

“रोज जेवताना तिचंच सांगायची मी. तीन वर्षांपूर्वी वारली तेव्हा दोन दिवस रडत होते. तुम्ही कसोटी लिहीत होते.”

दिगंबररावांनी सावकाश, एकेक अक्षर नीट काढत ते नाव लिहिलं. ही बाई त्यांनी कधी पाहिली नव्हती. तिनं एक दिवस हेमलताचा हात हातात धरला होता, आणि तेवढ्यावर ती त्या हातात उरली होती. जोर्वेकरचाही कधी वाटला नव्हता इतका त्यांना तिचा हेवा वाटला.